मान हलवायची नाही

हेडफोनमध्ये सगळं डोक्याच्या आत वाजतं. सिनेमातला नायक माझ्या दोन भुवयांच्या मधे उभा राहून बोलतो आणि मागून येणारी गाडी मेंदूतून आरपार निघून जाते. या मंडळींना बाहेर काढायचं, खोलीत आपापल्या जागी नेऊन बसवायचं, एवढीच माझी माफक इच्छा होती.

त्यासाठी कानांच्या तोंडाशी चिमुकले माइक खुपसून स्पीकरसमोर बसायचं. स्पीकरमधून स्वीप वाजतो: २० हर्ट्झच्या घरघरीपासून चढत चढत २०,००० हर्ट्झच्या शिट्टीपर्यंत. मग संगणक त्यावरून खोली, डोकं आणि कानाची पाळी मिळून आवाजाचं काय करतात ते शोधतो. तेच मग हेडफोनमधल्या आवाजाचं करायचं. इटलीतले ध्वनितज्ज्ञ आंजेलो फरिना यांनी २००० साली मांडलेल्या या पद्धतीत स्पीकरने घातलेली विकृती मूळ आवाजापासून वेगळी पडते. खुर्चीत बसलेल्याची विकृती वेगळी काढायची सोय त्यात नाही.

कारण अट एकच: हलायचं नाही. बाजूने आलेला आवाज पलीकडच्या कानाला पोचायला फार तर ०.७ मिलिसेकंद उशीर होतो. मेंदू दिशा ठरवतो ती बरीचशी या उशिरावरून. म्हणजे मान किंचित कलली तर अख्खा स्पीकर सरकला. आणि 'हलू नकोस' असं स्वतःला बजावलं, की एरवी वर्षभर गप्प असलेलं नाक खाजायला लागतं. आवंढा गिळला तर तोही माइकात ऐकू येतो, धरण फुटल्यासारखा.

७.१ साठी, म्हणजे भोवती सात स्पीकर आणि खर्जाचा एक वेगळा अशा सिनेमाच्या आवाजासाठी, सात दिशा लागतात. माझ्याकडे स्पीकर दोन. यावर तोडगा असा की स्पीकर जागेवर राहतात आणि माणूस फिरतो. मागचे स्पीकर हवे असतील तर त्यांच्याकडे पाठ करायची. अशाच एका शांत क्षणी, पंखा बंद, घामाघूम, कानांतून वायरी लोंबताहेत आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलोय, तेव्हा ताई दारात आली.

"तुला कुणी शिक्षा केलीये का?"

उत्तर देता येईना. स्वीप चालू होता. संगणकाने तिच्या प्रश्नाची वरून खाली घसरत जाणारी कुरकुर करून ठेवली, मागच्या डाव्या चॅनलमध्ये.

पुढे माइकांवरूनच हेडफोन चढवून पुन्हा मोजमाप, म्हणजे हेडफोनचा स्वतःचा रंग वजा करता येतो. हेडफोन जरा सरकला की वरच्या पट्टीतला आलेख वेगळाच डोंगर काढतो. मी त्यातल्या त्यात सभ्य डोंगर निवडला.

तरीही समोरचा आवाज मागे जायचा तो जायचाच. समोरून आणि मागून येणाऱ्या आवाजात दोन कानांमधला फरक जवळपास सारखाच असतो. उरतो तो पाळीच्या वळ्यांचा पुरावा. एरवी मान वळवून मेंदू खात्री करून घेतो. हेडफोन घातल्यावर मान वळवली, की सगळी दुनियाच सोबत वळते. खात्री कुणाकडे करायची? एमआयटीने १९९४ साली केमार नावाच्या पुतळ्याच्या कानांत ७१० दिशांचे आवाज मोजून ठेवले आहेत. तेही ऐकले. पुतळ्याचं 'समोर' माझ्या टाळूवर भरलं.

मग इक्वलायझर, म्हणजे आवाजाची एकेक पट्टी कमी-जास्त करायची सोय. रात्री ८,००० हर्ट्झला १ डेसिबल वाढवला की नायक समोर येतो. सकाळी तोच नायक थुंकी उडवत बोलतो. कानांना रात्रभरात आवाज सवयीचा झालेला असतो, नाहीतर सवय मोडलेली असते. कुठलं ते कान सांगत नाहीत.

एकदाचं जमलं, तेव्हा हेडफोन काढून स्पीकर खरंच बंद आहेत ना ते पाहिलं. बंद होते. आवाज खोलीतून येत होता, कोपऱ्यातल्या त्याच घुमणाऱ्या खर्जासकट. ज्या खर्जाला कंटाळून हेडफोन घेतले, तो मी जिवापाड मेहनत करून हेडफोनमध्ये आणून सोडला होता.

ताईने हेडफोन घालून पाहिले. "सगळे माझ्या पाठीमागे बोलताहेत," म्हणाली. साहजिक आहे, कान माझे. आता तिला तिचे हवेत. खुर्ची तिच्या उंचीची करून ठेवली आहे. शिंका आधी देऊन ये, म्हटलंय.