कुंपण घातलं की जागा सुरक्षित होते?

‘सरकारी जागा सरकारची. लोकांना मोकळं सोडलं की गुन्हेगार शिरणारच. कुंपण घाला, ओळखपत्राशिवाय कुणालाही आत घेऊ नका.’ अशा आशयाचा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. वाचायला पटतो, पण त्यातला एकही मुद्दा टिकत नाही.

जागा सरकारची, हे कागदोपत्री खरं. पण सरकार ती जनतेच्या वतीनं सांभाळतं. म्हणून ती बंद का ठेवायची, याचं कारण सरकारनं द्यायचं असतं.

कुंपणानं गुन्हे थांबतात? न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कमध्ये १९७०च्या दशकात अमली पदार्थांचा धंदा राजरोस चालायचा, आणि तेव्हा बागेला लोखंडी कठडा होता, वर दाट झुडपांचा आडोसा. रस्त्यावरून आतलं काही दिसायचंच नाही. १९८८ साली बाग कामासाठी बंद झाली. १९९२ मध्ये उघडली तेव्हा झुडपं काढलेली होती, आत शिरायच्या वाटा वाढल्या होत्या आणि हव्या तिथे उचलून नेता येतील अशा खुर्च्या ठेवल्या होत्या. रखवालदार आणि रोजची साफसफाई यांचाही त्यात मोठा वाटा आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण माणसं येऊन बसू लागली आणि लपून धंदा करायला जागाच उरली नाही.

‘लष्कराच्या जागेत तरी सामान्यांचं काय काम?’ इंग्लंडमधल्या लुलवर्थला रणगाड्यांच्या तोफांचा सराव चालतो. तरी बहुतेक शनिवार-रविवारी तिथल्या पायवाटा लोकांसाठी खुल्या असतात. वाटेच्या कडेनं पिवळे खांब आहेत. त्यांच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, कारण न फुटलेला दारूगोळा असू शकतो. लाल निशाण वर चढलं की वाट बंद.

घातपाताची भीती मात्र खरी आहे. एप्रिल १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत ट्रकमधून स्फोट घडवला गेला. पुढच्याच महिन्यात व्हाइट हाउससमोरचा रस्ता बंद झाला, पण फक्त वाहनांना. पायी जाणाऱ्यांना तो खुलाच राहिला. धोका नेमका ओळखला की बंदीही नेमकी घालता येते. शस्त्रागार बंदच हवं, यावर वाद नाही.

राहिला ओळखपत्राचा आग्रह. घातपाती बनावट कागद घेऊन येऊ शकतो. अडतो तो कागद नसलेला गरीब.

म्हणून बंद फाटकावर तीन गोष्टी लिहिलेल्या असायलाच हव्यात: बंदी कशासाठी, कधीपर्यंत, आणि दाद कुणाकडे मागायची.