२३ मार्चचा दिनविशेष कसा टाकावा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यंदा २३ मार्चला पहाटे साडेपाचला पोस्ट पडली. "शहीद दिनाच्या हार्दिक शुभेच्छा", भोवती गुलाबांची बॉर्डर, खालून वर उडणारे फुगे आणि मधे तीन फोटो. हॅटवाले भगतसिंग बरोबर, सुखदेव बरोबर, आणि राजगुरूंच्या नावावर मिशीला पीळ देणारे उघडे चंद्रशेखर आझाद. मी लिहिलं की अहो हे आझाद आहेत, हे तर त्या तिघांच्या फाशीआधीच २७ फेब्रुवारी १९३१ ला अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात शहीद झाले होते. उत्तर आलं, "भावना महत्त्वाची. सकाळी सकाळी निगेटिव्हिटी नको." त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. आणि दुपारपर्यंत ग्रुप 'ओन्ली ॲडमिन' झालेला.

तिथे आता तोंड उघडता येत नाही म्हणून इथे लिहितोय. तुम्हालाही असं समाजप्रबोधन करायचं असेल, आणि असणारच, आपल्याकडे पेन्शन सुरू झाली की हे आपोआप सुरू होतं, तर या काही टिपा घ्या.

पहिलं म्हणजे वेळ गाठा. तिघांची फाशी खरं तर २४ मार्च १९३१ च्या सकाळी ठरली होती, सरकारने घाबरून ती आदल्या संध्याकाळीच उरकली, दिवेलागणीला, जेलच्या रिवाजात न बसणाऱ्या वेळी, आणि मग प्रेतं गुपचूप सतलजच्या काठी नेऊन जाळली, हे सगळं तुमच्या कामाचं नाही. बी विंगमधल्या काकांच्या आधी पोस्ट पडली पाहिजे, एवढंच तुमच्या कामाचं.

दुसरं, एकाच भगतसिंगांना वर्षातून दोनदा फाशी द्या. एकदा १४ फेब्रुवारीला, "आज तुम्ही गुलाब वाटताय पण याच दिवशी..." वालं, आणि एकदा मार्चमध्ये. मधे महिना-सव्वा महिना जातो, कोणाच्या लक्षात राहत नाही. कोणी हटकलंच तर सांगा की १४ फेब्रुवारीला शिक्षा सुनावली होती. शिक्षा सुनावली ७ ऑक्टोबर १९३० ला. पण ऑक्टोबरमध्ये नवरात्राचे नऊ रंग असतात, तिथे जागा कुठे आहे.

समाजवादी नेते राममनोहर लोहियांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला विसरू नका. जन्म २३ मार्च १९१०. भगतसिंगांना याच तारखेला फाशी झाली म्हणून हा माणूस स्वतःचा वाढदिवस साजरा करत नसे. तुम्ही केकचा इमोजी टाका.

जागतिक हवामान दिन: ढग टाका, सोडून द्या.

२००९ साली नॅनो बाजारात आली. "लाखाची गाडी, मराठी माणसाला अभिमान" वगैरे. पुढे गाडीचं काय झालं हे विचारू नये.

२००३ मात्र चुकूनही घेऊ नका. जोहान्सबर्गला ऑस्ट्रेलियाशी वर्ल्डकप फायनल, टॉस जिंकून फिल्डिंग, झहीरची पहिली ओव्हर, पाँटिंग नाबाद १४०, आणि सचिन ४. बस. या तारखेची ही एकच गोष्ट आपल्याला कोणी फॉरवर्ड न करता पाठ आहे. आणि पाँटिंगच्या बॅटमध्ये स्प्रिंग होती, मॅच परत होणार, हेही पाठ आहे. तेव्हा कोणाकडे व्हॉट्सॲप नव्हतं हो, तरी ती बातमी गल्लीगल्लीत पोचली होती, तेव्हा उगाच फोनला नावं ठेवू नका, हा गुण आपल्यात आधीपासूनच आहे.

परदेशातलं काही घेऊ नये, मूड जातो. म्हणजे १९१९ साली मिलानमध्ये मुसोलिनीने आपली टोळी याच तारखेला उभी केली, आणि १९३३ ला जर्मनीच्या संसदेने कायदा पास केला की हिटलरच्या सरकारने आता संसदेला न विचारताच कायदे करावेत. रीतसर मतदान झालं, बाजूने ४४४, विरोधात ९४. कम्युनिस्ट आधीच तुरुंगात नाहीतर परागंदा, सभागृहात वर्दीतली माणसं उभी, आणि तरी सोशल डेमोक्रॅट उठून नाही म्हणाले. एवढ्या भानगडीला फुगे शोभत नाहीत. शिवाय कोणीतरी विचारेल की लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने स्वतःलाच कुलूप कसं लावलं, आणि मग विषय आमच्या कमिटीवर यायचा.

पाश नावाच्या पंजाबी कवीला १९८८ साली याच दिवशी खलिस्तानवाद्यांनी गोळ्या घातल्या. वगळा. कवीला लाइक येत नाहीत.

लाहोरचं नाव जपून. कारण तिघांना जिथे फासावर दिलं त्याच शहरात नऊ वर्षांनी, १९४० ला, मुस्लिम लीगच्या अधिवेशनात फजलुल हक यांनी तो पाकिस्तानचा म्हणतात तो ठराव मांडला, तारीख हीच, आणि पाकिस्तान आज २३ मार्चला राष्ट्रीय दिन पाळतो. तारखेत असं काही नसतं, योगायोग असतो, पण "हा योगायोग नाही!!!" असं लिहिल्याशिवाय पोस्ट पुढे सरकत नाही. आणि जेलच्या त्या जागेवर आता शादमान चौक आहे, त्याला भगतसिंगांचं नाव द्या म्हणून लाहोरमधलेच काही लोक कोर्टात भांडत आलेत, शिव्या आणि धमक्या खात. त्यांना 'ओन्ली ॲडमिन' करता येत नाही बहुतेक.

आता मुख्य टीप. गांधींना आणाच. गांधींशिवाय २३ मार्च होत नाही. "गांधींनी मनात आणलं असतं तर" इथून सुरुवात करा, समोरचा गांधींच्या बाजूने धावून येईल, मग नेहरू, मग फाळणी, मग पंचावन्न कोटी, मग कोणीतरी ग्रुप सोडेल, मग त्याला परत ॲड करायचं. मस्त जातो दिवस. ५ मार्चला व्हाइसरॉय आयर्विनशी करार झाला, २३ च्या सकाळीसुद्धा गांधींनी व्हाइसरॉयला फाशी थांबवा म्हणून पत्र लिहिलं, पुढे कराचीला अधिवेशनाला गेले तर तरुणांनी काळे झेंडे दाखवले. त्यांनी पुरेसा जोर लावला का? घाला ना वाद, इतिहासकारही घालतात. पण ज्यांच्यासाठी एवढे गळे काढताय त्यांचं काय म्हणणं होतं हे एकदा तरी बघाल का नाही? वडिलांनी कोर्टात अर्ज केला म्हणून भगतसिंगांनी बापाला पत्र लिहिलं, की तुम्ही माझ्या पाठीत वार केलात, दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्याला मी गद्दार म्हटलं असतं. आणि फाशीच्या काही दिवस आधी तिघांनी मिळून पंजाबच्या गव्हर्नरला लिहिलं की तुमच्याच कोर्टाने आम्हाला राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल दोषी धरलंय, म्हणजे आम्ही युद्धकैदी, तेव्हा आम्हाला फाशी देऊ नका, गोळ्या घाला. दयेचा अर्ज नाहीये तो, सरकारला सरकारच्याच निकालाने पकडलंय त्यात. आणि आपण इकडे शंभर वर्षं होत आली तरी भांडतोय की यांच्यासाठी भीक कोणी नीट मागितली नाही!

वाचायचं नाही ना, मग कसं कळणार. तो माणूस फाशीच्या दिवशीही लेनिनवरचं पुस्तक वाचत होता, मी नास्तिक का आहे ते त्याने जेलमध्ये बसून लिहिलं, आणि त्याच्या फोटोला तुम्ही ओम लावून पाठवता. आणि राजगुरू? ते तर तुमच्या लेखी दोन स्वल्पविरामांमधलं नाव आहे. पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवर खेड, भीमेच्या काठी वाडा, पुण्यातच पकडला गेलेला, फाशी गेला तेव्हा बावीस वर्षांचा पोरगा. त्याच्या नावाचं गाव तुम्हाला नाशिक हायवेच्या ट्रॅफिकमुळे माहीत. आणि आडनावावरून जात काढून समाजाच्या ग्रुपवर "आपले राजगुरू" टाकायचं तेवढं बरोबर जमतं तुम्हाला, पण आपल्याच माणसाचा चेहरा ओळखता येत नाही.

भावना महत्त्वाची म्हणे. आमच्या खालच्या मजल्यावरची सहावीतली पोरगी शाळेत भाषणाला उभी राहिली, तुमच्याच पोस्टवरून पाठ करून. १४ फेब्रुवारी म्हणाली, आझादांचा फोटो राजगुरू म्हणून दाखवला. बाईंनी सगळ्या वर्गासमोर झापलं. ती रडत घरी आली आणि आईला म्हणाली, पण काकांनी पाठवलं होतं. तुम्ही मोठे, तुम्ही बँकेत साहेब होतात, तुमच्यावर विश्वास ठेवला तिने. तुम्हाला कोणी झापलं का? नाही, तुम्ही सेटिंग बदलून झोपलात. लाज वाटू द्या जरा. चपला घाला, दोन जिने उतरा, तिच्या दारात जा आणि तिला सॉरी म्हणा. ग्रुपवर नाही. तोंडाने.