मंगळाचं आकाश भरू नका राव

हल्ली नेटवर मंगळाचा पॅनोरामा उघडा, म्हणजे बरेच फोटो जोडून केलेलं लांबलचक चित्र. वरचं आकाश एकसारखं गुळगुळीत, कडा सरळ कापलेल्या, काळी रिकामी जागा औषधालाही नाही. रोव्हरने, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाडीने, बहुतेक वेळा एवढं आकाश टिपलेलंच नसतं. कॅमेऱ्याला काम दगडांशी. कोऱ्या आकाशावर डेटा कोण घालवणार? वरचं जे दिसतं ते जोडणाऱ्याने भरलेलं असतं. आता तर एआयला सांगितलं की दोन सेकंदांत भरून मिळतं. माझं म्हणणं, भरू नका.

साताऱ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे, त्यामुळे भरायचं कसं ते मला चांगलं कळतं. मांडवाचा फाटका कोपरा झाकायचा, लग्नाला न आलेल्या मामाला ग्रुप फोटोत बसवायचं, आणि "दादा, नवरी जरा उजळ करा की" हे तर दर सीझनला ठरलेलं. त्याचे पैसे घेतो. पण त्या अल्बमवरून कुणी भूगर्भशास्त्र शिकत नाही.

रात्री शटर ओढलं की माझा दुसरा उद्योग सुरू होतो. नासा रोव्हरचे रॉ, म्हणजे न जोडलेले, न रंगवलेले फोटो नेटवर फुकट टाकते, ते उतरवायचे आणि जोडत बसायचं. बायको म्हणते, मंगळावरचं गिऱ्हाईक पैसे कधी देणार?

२००४ साली उतरलेल्या स्पिरिट आणि अपॉर्च्युनिटी या रोव्हरच्या पॅनकॅम कॅमेऱ्याला रंग दिसतच नव्हता. सेन्सर ब्लॅक अँड व्हाइट, १०२४ बाय १०२४ पिक्सेलचा. पुढे फिल्टरचं चाक. एकाच जागेचा फोटो तीन वेगवेगळ्या फिल्टरमधून घ्यायचा आणि पृथ्वीवर तिन्ही एकावर एक ठेवून रंग उभा करायचा. एका फ्रेममध्ये मावतात जेमतेम १६ अंश. म्हणजे चौफेर फिरायचं तर एका ओळीलाच पंचविसाच्या आसपास वेळा मान वळवायची, दर वेळी तीन फोटो, आणि खालची जमीन हवी असेल तर आणखी ओळी.

गंमत पुढे आहे. रंगीत फोटोसाठी बहुतेक वेळा ७५३, ५३५ आणि ४३२ नॅनोमीटरचे फिल्टर वापरलेत; हा आकडा म्हणजे प्रकाशाच्या लहरीची लांबी, रंगागणिक वेगळी. आपल्या डोळ्याला साधारण ७०० पर्यंतच नीट दिसतं. म्हणजे ज्याला आपण लाल म्हणून बसवतो, तो खरं तर लालच्या पलीकडचा. डोळ्याच्या जवळचं हवं असेल तर ६०१, ५३५, ४८२ हे त्रिकूट बरं, पण ते प्रत्येक जागी घेतलेलं नसतं.

रॉ फोटोंचा छळ वेगळाच. साइटवर टाकताना प्रत्येक फोटोचा उजेड आपोआप ताणलेला असतो: सगळ्यात गडद ते काळं, सगळ्यात उजळ ते पांढरं. प्रत्येक फोटोचं गणित वेगळं. त्यामुळे एकच दगड शेजारच्या दोन फ्रेममध्ये दोन रंगांचा दिसतो. ओव्हरलॅपची पट्टी धरून हे हाताने जुळवावं लागतं, आणि माझ्या निम्म्या रात्री त्यातच जातात. फिल्टर बदलेपर्यंत सावली सरकलेली असते, मग तिच्या कडेला रंगीत किनार येते. रोव्हरचं स्वतःचं सोलर पॅनेल तर कधीच धड जुळत नाही; मान वळली की कॅमेऱ्याची जागाही थोडी हलते, आणि जवळच्या वस्तूत तो फरक लगेच दिसतो. हगिन हे फुकटचं सॉफ्टवेअर खडे-दगड बघून समान बिंदू शोधतं, पण आकाशात त्याला धरायला काही सापडत नाही.

आता कुणी म्हणेल, रंग तर तुम्हीही लावताच की, मग आकाशाने काय घोडं मारलंय? फरक आहे. रंगाला पुरावा असतो. रोव्हरच्या पाठीवर एक छोटी सूर्यघडी बसवलेली आहे, तिच्यावर करडी वर्तुळं आणि कोपऱ्यांत रंगांचे तुकडे. त्यांचे रंग पृथ्वीवरच मोजलेले. त्यांचा फोटो घ्यायचा, वर साचलेल्या धुळीचा हिशेब धरायचा आणि बाकीचे रंग लावायचे. १९७६ साली मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानाच्या पहिल्या रंगीत फोटोत आकाश निळसर आलं होतं; रंग पुन्हा तपासल्यावर ते पिवळट-गुलाबी निघालं. व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतंय, "नासाने आकाश लपवलं". लपवलं नाही बाबांनो, तपासलं.

व्हाइट बॅलन्स केलेल्या, म्हणजे उजेडाची रंगछटा काढून टाकलेल्या प्रतीही मला चालतात. मंगळावरचा उजेड धुळीतून गाळून येतो, म्हणून पृथ्वीच्या उजेडात तेच खडक कसे दिसतील ते भूवैज्ञानिकांना बघायचं असतं. फक्त तसं खाली लिहा. हे पटत नसेल तर उन्हाळ्यात कासच्या पठारावर जा, फुलं नसताना. जांभ्याचा एकच दगड भर दुपारी बघा आणि दिवस मावळताना बघा. खाली बेसाल्ट, वर लोखंडाचा गंजका रंग, एवढं मंगळाशी जमतं. आपल्याकडे ते पावसाने झालं, हा मोठा फरक. पण या दोन वेळांतला त्या दगडाचा "खरा" रंग कुठला, ते मला सांगा.

क्युरिऑसिटी या दुसऱ्या रोव्हरच्या लोकांनी २०१९ च्या २४ नोव्हेंबर ते १ डिसेंबरमध्ये हजाराहून जास्त फोटो घेतले आणि १८० कोटी पिक्सेलचा पॅनोरामा केला. उजेड सारखा राहावा म्हणून रोज तिथल्या दुपारी १२ ते २ मध्येच. आमच्या धंद्यात हीच सगळ्यात नावडती वेळ, नवरीच्या डोळ्यांखाली काळं दिसतं!

आणि अपॉर्च्युनिटीचा शेवटचा पॅनोरामा बघितला नसेल तर आज बघा. एंडेव्हर विवराच्या काठावरची पर्सिव्हरन्स व्हॅली, १३ मे ते १० जून २०१८, ३५४ फोटो. डावीकडे खाली काही फ्रेम ब्लॅक अँड व्हाइटच आहेत. हिरव्या आणि जांभळ्या फिल्टरचे फोटो घ्यायच्या आत ग्रहभर पसरलेलं धुळीचं वादळ आलं आणि रोव्हर बंद पडला. त्या फ्रेमना शेजारचा रंग मी अर्ध्या तासात लावून देईन, कुणाला पत्ता लागणार नाही. नासाच्या लोकांना ते येत नव्हतं का? पण त्यांनी तसंच प्रसिद्ध केलं. कुठला रंग मोजलेला आणि कुठला नाही, हे तिथे नुसतं बघून कळतं. एआयने भरलेल्या आकाशात ते कळायची सोयच राहत नाही.

तसंच आपल्या प्रज्ञान रोव्हरने २०२३ मध्ये चंद्रावर काढलेल्या विक्रम लँडरच्या फोटोचं. तो ब्लॅक अँड व्हाइट आहे, राहू द्या.

कुणाला करून बघायचं असेल तर अपॉर्च्युनिटीच्या फोटोंपासून सुरुवात करा. एकच फ्रेम घ्या, तिन्ही फिल्टर आधी नीट बसवा, जोडणी नंतर. खाली सोल क्रमांक (मंगळावरचा कितवा दिवस) आणि फिल्टर लिहा. कडा दातेरी येतील, येऊ द्या. अडलं तर स्टुडिओवर या. फक्त लग्नसराईत नको, तेव्हा मी मामाला बसवत असतो.