मालक, डब्याला कुलूप लावलं का?

कारखान्यातली पोरं दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, धागा तुटला तरी कुणाचं लक्ष नसतं, असं वाटायला लागलंय ना मालक? मग हे तुमच्यासाठीच. मी अकरा वर्षं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट सांभाळतो, म्हणजे हे सगळे उपाय माझ्यावर करून झालेत, बिनधास्त वापरा.

पहिलं म्हणजे वायफायचा पासवर्ड बदला. कारखान्याचं नाव आणि पुढं 123 असा होता, तो आता कारखान्याचं नाव आणि पुढं 321 करा, कुणाच्या बापाला कळणार नाही. मग एखादा कॉम्प्युटरवाला बोलवून राऊटरमधून फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब सगळं ब्लॉक करून घ्या. 2016 मध्ये जिओ आल्यापासून हेल्परच्या खिशात पण रोजचा दीड जीबी असतो आणि तुमच्या वायफायला कुणी विचारत नाही, हे तो सांगणार नाही, त्याला त्याचे पैसे घ्यायचेत. पोरं स्वतःच्या नेटवर बघतील, बघू दे, तुमचं वायफाय तरी सोवळ्यात राहिलं की. फक्त संध्याकाळी तुमच्या केबिनमधलं कीर्तन पण बंद पडेल, मग त्यालाच परत बोलवून तुमचा एकट्याचा मोबाईल मोकळा करून घ्या. त्याचे पैसे वेगळे.

आता राऊटरचा लॉग काढा आणि चष्मा लावून वाचा. त्यात नुसतं साईटचं नाव येतं, आत कोण काय बघत होतं ते दिसत नाही, पण संशय घ्यायला तेवढं बास होतं. आमच्या मालकांना एक इंग्रजी नाव दिवसभर, अगदी रात्री दोनला पण, सापडलं. चिनी जुगार आहे म्हणून सगळ्यांना उभं करून झापलं, पॅकिंगवाल्या मावशींना पण, ज्यांच्याकडं बटणाचा फोन आहे. चार दिवसांनी कळलं की ते सीसीटीव्हीच्या कंपनीचं सर्व्हर आहे, आणि मालक घरी पलंगावर पडून आम्ही मोबाईल बघतो का ते मोबाईलवर बघतात ना, त्याचाच तो लॉग. माफी वगैरे काही नाही, कॅमेरे दोन वाढले.

तरी सुधारले नाहीत तर मग डबा. हा उपाय मनापासून सांगतो. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घ्यायचा, त्याला झाकण, कडी आणि कुलूप बसवून घ्यायचं, सकाळी नऊला सगळ्यांचे मोबाईल चिकटपट्टीवर नाव लिहून आत आणि किल्ली मालकांच्या जानव्याला. अकरा वाजले की डबा बोलायला लागतो. एक फोन थरथरला की शेजारचे दहा पत्र्यावर नाचतात, मागाच्या खडखडाटात पण ऐकू येतं, आणि सगळे हातातलं काम सोडून डब्याकडं बघत उभे. "कुणाचं वाजालंय बे?" "माझंच वाजालंय की, पाणी सुटलं असणार." आमच्याकडं पाणी काही दिवसांआड, ते कधी सुटणार हे गल्लीच्या ग्रुपवरच कळतं, घरी मोटर लावायला सांगायचं असतं. मग पैजा लागतात, कुणाचं पाणी, कुणाची बायको, कुणाचा हप्ता. आधी मोबाईलमध्ये प्रत्येकाचा वेगवेगळा वेळ जायचा, आता सगळ्यांचा एकदम जातो, ही शिस्तच म्हणायची. आवाज बंद करायला मालकांनी आत टॉवेलचे कटपीस अंथरले, तेव्हापासून फोन गरम होतात.

मागच्या मे महिन्यात इंदूरचा माल भरून ट्रक गेटवर उभा होता. राज्याबाहेर पन्नास हजाराच्या वरचा माल म्हणजे ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, पाहिजेच, आणि 1 एप्रिल 2025 पासून त्या पोर्टलवर नुसता पासवर्ड चालत नाही, ओटीपी लागतो. ओटीपी येतो माझ्या नंबरवर, कारण मालकांना "ती कटकट नको" होती. माझा फोन डब्यात, किल्ली जानव्याला, आणि जानवं जेवण करून घरी झोपलेलं, फोन सायलेंटवर. मी ओटीपी मागवला, डबा गुर्र झाला. परत मागवला, परत गुर्र. बाहेर बेचाळीस डिग्री, ड्रायव्हर ट्रकच्या सावलीला बसून निवांत रील्स बघत होता, तो आपला स्टाफ नाही ना. साडेचारला मालक आले, डबा उघडला, माझ्या फोनवर सहा ओटीपी, सहाही मेलेले. ट्रक सात वाजता हलला. मला विचारलं, "एवढा वेळ काय करत होतास?"

डबा फोडायचा नाही, हे ध्यानात ठेवा, डब्याचे पैसे पगारातून जातात.

आणि शेवटचं, नियम लेखी द्या. आमच्या मालकांनी परवाच दिले. सकाळी दहाला कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भलामोठा मेसेज टाकला, कामाच्या वेळेत मोबाईल वापरल्यास अर्धा दिवस कापला जाईल, वर गुलाबाचं फूल आणि सुप्रभात. दुपारी केबिनमधून बाहेर आले ते तापलेलेच, हातात मोबाईल, "दोन तास झाले, अजून निळी टिक नाही, एकानं पण वाचला नाही व्हय रे?"

मागं डबा वाजत होता.