शक्ती अंगात आल्यावर माणसाचं काय होतं?

अचाट शक्तीच्या माणसांच्या कादंबऱ्या म्हणजे पोरासोरांचं वाचन, असं आपल्याकडे भलेभले वाचक मानतात. मला हे अजिबात पटत नाही. गोव्यातल्या पेडण्यात रात्रभर दशावतार बघणारा रसिक सकाळी मला सांगतो की सुपरहिरो हे परदेशी खूळ आहे, तेव्हा तर वाईटच वाटतं. सिनेमाने या प्रकाराची नुसती हाणामारी करून टाकली, हे खरं. पण ती ताकद अंगात घेऊन रोज जेवायचं, नोकरी करायची, झोपायचं कसं, हे कादंबरीच सांगू शकते.

फिलिप वायली यांची १९३० सालची 'ग्लॅडिएटर' वाचा. कॉमिकमधला सुपरमॅन आला १९३८ मध्ये, त्याच्या आठ वर्षं आधीची ही कादंबरी. ह्यूगो डॅनर आईच्या पोटात असतानाच शास्त्रज्ञ बापाने आईला औषध टोचलेलं, त्यामुळे पोरगं जन्मतंच अफाट ताकद घेऊन. पुढे हा ह्यूगो एका बँकेत कामाला लागतो. तिथला एक कर्मचारी तिजोरीच्या खोलीत अडकतो, आतली हवा संपत आलेली. ह्यूगो सगळ्यांना बाहेर घालवतो आणि पोलादी दार हातांनी उचकटतो. माणूस वाचतो. पण शाबासकी राहिली बाजूला, बँकवाल्यांना संशय येतो की हा तिजोरीफोड्याच असणार! त्याला डांबून छळतात. त्या सगळ्यांना तो तिथल्या तिथे चिरडू शकला असता. ताकद असूनही समाजात कुठेच जागा नसणं म्हणजे काय, ते या एका प्रसंगात कळतं. ह्यूगो जिथे जातो तिथे हेच होतं, युद्धावर गेला तरी.

एच. जी. वेल्स यांनी तर १८९७ मध्येच 'द इन्व्हिजिबल मॅन'मध्ये अदृश्य होण्याची किंमत बारकाईने मांडली होती. त्यातल्या अदृश्य ग्रिफिनने खाल्लेलं अन्न अंगी लागेपर्यंत दिसत राहतं. कपडे घातले तर तेच दिसणार, म्हणून जानेवारीच्या लंडनमध्ये तो उघडा कुडकुडतो. बर्फ पडला तर अंगावर साचून आकार उघडा पडणार. आणि रस्त्यावरची पोरं त्याच्या चिखलाच्या पावलांवरून माग काढतात! सलमान रश्दींच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन'मध्ये (१९८१) स्वातंत्र्याच्या पहिल्या तासात जन्मलेली १००१ मुलं आहेत, प्रत्येकाकडे काहीतरी अद्भुत. त्या शक्तीचं पुढे आणीबाणीत जे होतं, ते वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं. याला पोरकट कोण म्हणेल?

मराठीत नारायण धारपांच्या 'समर्थ'ने आपल्याला अतींद्रिय शक्तीचा माणूस दिला, त्यांचे उपकार आहेतच. पण गोव्याच्या मातीतली अशी कादंबरी मला हवी आहे, आणि तिचा नायक आपल्याकडे कधीचा उभा आहे. राखणदार, म्हणजे गावाची राखण करणारा देव! अमोण्याचा, लोलयेचा बेताळ घ्या, नाहीतर वाड्यावाड्याच्या सीमेवरचा देवचार. रात्री गावाची फेरी मारतो म्हणून त्याला वहाणा वाहतात, कुठे रोट, कुठे सोरो, म्हणजे दारू. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, ही समजूत मला फार मोलाची वाटते. पाश्चात्त्य सुपरहिरो एकटा पडतो, कारण त्याचं कोणाशी काही ठरलेलंच नसतं. आमच्या राखणदाराचं गावाशी ठरलेलं असतं. गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढे घातलेल्या साकड्यात, गाव मागणं मागतं आणि शब्दही देतं. मग कोणी शब्द मोडला तर?

डिचोली-सत्तरीतलं एखादं खाणीचं गाव डोळ्यांपुढे आणा. खंदक खोल गेले, विहिरी आटल्या. खाण नको म्हणून गाऱ्हाणं घालणारा गावचाच, आणि खाणीवर ट्रक लावून घर चालवणाराही गावचाच. दोघांचे नारळ एकाच पाषाणापुढे. राखणदार कोणाचं ऐकेल? सगळ्या रात्री फिरून ज्या सीमा त्याने सांभाळल्या, तो डोंगरच उरला नाही, तर त्याची शक्ती कशात राहील?

लिहिणाऱ्या मित्रांनो, यावर दिवाळी अंकातली दहा पानांची कथा नको. ऐसपैस चारशे पानं घ्या. त्या दोन्ही घरांच्या चुलीपर्यंत जा, त्यांची भांडणं आणि कर्जं मांडा, आणि राखणदाराला त्याच्या तोंडून बोलू द्या. अशी कादंबरी आली तर पहिली प्रत मी घेईन, आणि गावोगावच्या वाचनालयांत पोचवायला स्वतः फिरेन.