फाईल टाक ना भावा: टर्बोवाल्यांसाठी चार शब्द सल्ल्याचे

टर्बो पेट्रोल गाडी घेतलीत ना, मग ती कंपनीने दिली तशीच चालवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे आधी डोक्यात फिट करा. इंजिनच्या कॉम्प्युटरमधली, म्हणजे ईसीयूमधली, आकड्यांची फाईल बदलली की ताकद वाढते, आणि ती फाईल ग्रुपवर मागितली की मिळते. समजा तुमच्याकडे फोक्सवॅगनची व्हर्टस १.५ टीएसआय आहे. कंपनीने १५० पीएस ताकद आणि २५० एनएम टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, दिलेत. आता त्यातला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ज्याला डीक्यू२०० म्हणतात, त्याची झेपच २५० एनएमची आहे, म्हणजे कंपनीने आधीच सगळं वापरून टाकलंय, पण तुम्ही तिकडे बघायचंच नाही, गिअरबॉक्स काय बोलत नाही बिचारा. निदान सुरुवातीला तरी नाही.

ट्यूनरकडे, म्हणजे तुमच्याच गाडीसाठी फाईल बनवणाऱ्याकडे, जाऊ नका. तो बसणार, लॅपटॉप जोडणार, तीन-चार वेळा पुल मारायला, म्हणजे पाय पूर्ण दाबून गाडी पळवायला, लावणार, लॉग, म्हणजे त्या वेळच्या इंजिनच्या नोंदी, बघणार, परत फाईल बदलणार आणि वर पैसे घेणार. त्यापेक्षा ग्रुपवर 'फाईल आहे का कोणाकडे १.५ ची' एवढंच टाका. नमस्कार-चमत्कार नको, गाडी कुठल्या सालची, पेट्रोल कुठलं भरता, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) बदललाय का, काही सांगायची गरज नाही. दहा मिनिटांत कोणीतरी शेठ फाईल टाकेल, खाली चार आगीचे इमोजी, झालं काम.

आता कोणी शहाणा सांगायला येईल की फाईल म्हणजेच मॅप, आणि तिच्या आत मोठमोठे तक्ते असतात, एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड, म्हणजे इंजिनवरचा भार, आणि प्रत्येक घरात एक आकडा, स्पार्क किती डिग्री आधी द्यायचा, बूस्ट, म्हणजे टर्बोने आत दाबलेली हवा, किती, पेट्रोल किती, टॉर्क कुठे अडवायचा. म्हणेल, ज्याची फाईल आहे तो मुंबईत एक्सपी१००, म्हणजे १०० ऑक्टेनचं पेट्रोल, भरतो म्हणून त्याने ३५०० आरपीएमला फुल लोडवर स्पार्कचं टायमिंग तीन डिग्री पुढे, म्हणजे आणखी आधी, घेतलंय, आणि तू भरतोस साताऱ्याला हायवेवर साधं पेट्रोल. त्याला सांगा, शेजारच्या काकांचा चष्मा लावून पण पेपर वाचता येतोच की, जरा डोकं दुखतं एवढंच.

आणि नागपूरवाल्यांनी तर मे महिन्यातच टाकावी फाईल. बाहेर ४५ डिग्री, आत जाणारी हवा त्याहून गरम, इंजिनला नॉक (पेट्रोल आपोआप भडकून बसणारा ठोका) व्हायला एवढं पोषक हवामान आख्ख्या महाराष्ट्रात मिळायचं नाही. महाबळेश्वरला जाणार असाल तर अजून मजा, १३०० मीटरच्या वर हवा विरळ, तेवढाच बूस्ट गाठायला टर्बोला जास्त जोरात फिरावं लागतं. फिरू दे की, त्यासाठीच तर लावलाय.

लॉगिंगचा तर विषयच काढू नका. एकाने चुकून लॉग टाकला होता, तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून ६००० पर्यंत, चारही सिलिंडरचे टायमिंग मागे खेचल्याचे कॉलम. पहिला, दुसरा, चौथा शून्य किंवा एखादी डिग्री, आणि तिसरा सिलिंडर ४२०० ला मायनस सहा. म्हणजे ईसीयू ओरडून सांगतोय की इथे नॉक होतोय, मी टायमिंग मागे ओढून कसंबसं वाचवतोय. खाली उत्तर काय आलं? 'नॉर्मल आहे भावा, माझा पण येतो.' दुसरा म्हणाला, 'लॉग बघूच नको, टेन्शन येतं.' मला हा दुसरा फार आवडला, निदान प्रामाणिक तरी आहे.

खंडाळ्याचा घाट चढताना गिअर अजिबात खाली आणू नका हां. पाचवा-सहावा ठेवा, १५०० आरपीएमला पाय पूर्ण दाबा आणि 'खालूनच काय टॉर्क आहे राव' म्हणा. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) टर्बो इंजिनात नेमकं इथेच लो स्पीड प्री इग्निशन नावाचं प्रकरण होतं, ऑइलचा एखादा थेंब नाहीतर कार्बनचा कण स्पार्कच्या आधीच पेटतो, आणि एकच जोरदार तडाखा पिस्टनची रिंग बसते तिथला काठ उडवायला पुरतो. पण एवढं ऐकायला वेळ कोणाला आहे, व्हिडिओ चालू असतो.

फ्लॅश करायला, म्हणजे फाईल ईसीयूत घालायला, ऑनलाइन मिळते ती स्वस्तातली क्लोन (नकली) केबल घ्या. गाडीला बॅटरी चार्जर लावायचा असतो म्हणतात, हे घाबरट लोकांचं खूळ, तुम्ही एसी आणि हेडलाईट लावून निवांत बसा. व्होल्टेज मध्येच पडलं किंवा फाईल दुसऱ्याच सॉफ्टवेअर व्हर्जनची निघाली, तर गाडी चालूच होणार नाही. मग टोइंगवाला आहेच, आणि टोइंगचा फोटो मात्र ग्रुपवर कोणी टाकत नाही, ही आपल्याकडची सभ्यता.

तिकडे बाहेर सुबारू आणि मित्सुबिशी इव्होवाल्यांनी वर्षानुवर्षं फाईली वाटल्या. फाईल बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ईसीयूफ्लॅश फुकट, रॉमरायडर तर ओपन सोर्स, आणि नीट वाटणारा फाईलबरोबर इंजेक्टर कुठला, पेट्रोल कुठलं, कुठला तक्ता बदलला, लॉग काय म्हणतो, सगळं लिहून द्यायचा. म्हणजे वाटत होते ती माहिती, फाईल नुसती सोबत जायची. आपल्याला नाही परवडत, फार टायपिंग आहे त्यात. आपण सरळ ज्याने रात्री जागून मॅप बनवला त्या ट्यूनरचं नाव पुसतो, फाईलला 'भाऊ स्टेज २' नाव देतो आणि पुढे ढकलतो. स्टेज २ म्हणजे खरं तर फाईलबरोबर पार्टही बदललेले; इथे इंटरकूलर, डाऊनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्ट पाइप) काहीच बदललेलं नाही, पण स्टेज २. नावात कंजुषी कशाला.

इन्शुरन्सवाल्यांना काही कळवू नका, क्लेमच्या वेळी ते स्वतःच शोधतात, त्यांना तेवढंच काम. वॉरंटीसाठी सर्व्हिस सेंटरला जाताना आदल्या रात्री स्टॉक फाईल परत टाका आणि अगदी भोळा चेहरा करून जा. ईसीयू किती वेळा फ्लॅश झालाय याची मोजदाद बऱ्याच गाड्यांत आतच राहते, पण कदाचित त्या दिवशी ॲडव्हायझर सुट्टीवर असेल.

क्लच गेला तर 'डीएसजी मुळातच कच्चा' लिहायचं, पिस्टन गेला तर 'पेट्रोलमध्ये भेसळ', आणि ज्याने फाईल दिली त्याला मेसेज केलात तर दोन निळ्या टिक दिसतील, त्यावर समाधान माना. एवढं करून गाडी विकायची वेळ आली तर जाहिरातीत बिनधास्त टाका: सिंगल ओनर, कंपनी मेंटेन्ड, फक्त फॅमिली यूज.