माझा आकडा लागत नाही

कागदावर डाव्या हाताची एक ओळ असते, तिच्याखाली बारीक आकडे असतात, 6, 7, कुठे 4 आणि मग 3, कुठे 6 च्या खाली 5, मध्येच एकटाच एक शार्प (सूर अर्धा चढवायची खूण), आणि बस्स. उजव्या हाताने काय वाजवायचं? ते तुमचं तुम्ही बघा. ह्याला फिगर्ड बास म्हणतात. 1600 च्या आसपास इटलीत सुरू झालेला हा प्रकार पुढची दीडशे वर्षं अख्खा युरोप वाजवत होता, आणि तेव्हा ज्यांनी कुरकुर केली नाही त्यांच्या वाटची कुरकुर हल्ली मी करते.

मी जर्मनीत लाइपझिगला असते, नोकरी सॉफ्टवेअरची. इथे हौशी लोकांचा एक छोटा ग्रुप आहे, फ्लूटवाल्या काकू आहेत, चेलोवाले काका आहेत, फक्त हार्प्सिकॉर्डला, म्हणजे पियानोच्या आधीच्या त्या पट्ट्यांच्या वाद्याला, कोणी नव्हतं. मी पुण्यात पेटी वाजवायचे आणि पियानोच्या परीक्षा दिल्यात एवढं माझ्या तोंडून निसटलं आणि त्यांनी मला सोडलंच नाही.

नियम ऐकायला एकदम सोपे. खालचा सूर सा धरा. आकडा नसेल तर त्याच्यावर तिसरा आणि पाचवा, म्हणजे सा-ग-प. 6 असेल तर पाचव्याऐवजी सहावा, सा-ग-ध. 4 मग 3 असेल तर आधी म वर लटकायचं आणि मग ग वर उतरायचं. नुसता 2 असेल तर चौथा आणि सहावापण न सांगता घ्यायचा, म्हणजे लिहिणार एक आणि समजायचे तीन. ग्यानबाची मेख अशी की डावा हात पुढच्या सुरावर सरकला की आता तो सूर सा, मोजणी परत पहिल्यापासून, आणि बास, म्हणजे ही खालची ओळ, धावत असेल तर तुमचं मोजून होईपर्यंत फ्लूट पुढच्या ओळीवर पोचलेली असते. त्यात काकूंना जुन्या छापील प्रतींच्या फोटोकॉपी आवडतात. 6 च्या शेपटीला तिरकी रेघ असेल तर तो सूर अर्धा चढवायचा, पण ती रेघ आहे का तीनशे वर्षांपूर्वीचा शाईचा डाग आहे हे ठरवायला वेळ किती, तर पाव सेकंद.

लहानपणी आमच्याकडे दुधाचा हिशोब कालनिर्णयवर असायचा. चौकोन रिकामा म्हणजे रोजचं एक लिटर आलं, काही वेगळं झालं तरच आकडा टाकायचा. हे आकडे अगदी तसेच आहेत, नेहमीपेक्षा वेगळं काय तेवढंच सांगतात. फरक एवढाच की दुधाचा रिकामा चौकोन म्हणजे डोक्याला ताप नाही, आणि इथे रिकामी जागा आली की कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वर धरायची का खाली, तीन सुरांची का पाच, एकदम का पसरून, का गप्पच बसायचं, सगळं तुमच्या गळ्यात.

आणि वर ते समांतर पाचवे! दोन सूर एकमेकांपासून पाचव्या अंतरावर, आणि तसेच जोडीने पुढच्या कॉर्डमध्ये गेले, की गुन्हा. मला शिकवणाऱ्या आमच्या बाई शेजारच्या खोलीत कॉफी करत असतात आणि तिथून ओरडतात, "पाचवे!" मी एकदा त्यांना पुस्तकातून दाखवलं, की व्हियादाना नावाच्या इटालियन बाबाने 1602 च्या आपल्या संग्रहात साफ लिहून ठेवलंय, ऑर्गनवाल्याने पाचवे-आठवे टाळत बसायची गरज नाही, गाणाऱ्यांनी टाळावेत. बाई म्हणाल्या, "तो 1602. आपण 1728 चं वाजवतोय." म्हणजे सव्वाशे वर्षांत कोणीतरी ही सवलत काढून घेतली आणि मला कळवलंही नाही.

हे सगळं केलं कशासाठी, तर कागद वाचवायला. आगाझ्झारी म्हणून एक इटालियन संगीतकार होते, त्यांनी 1607 मध्ये ह्या पद्धतीची बाजू मांडताना म्हटलंय की रोमच्या एका चर्चमध्ये वर्षभर जे गायलं जातं ते सगळं पूर्ण लिहायला घेतलं तर ऑर्गनवाल्याला वकिलापेक्षा मोठी लायब्ररी लागेल. मला चालली असती हो लायब्ररी! माझ्याकडे टॅब्लेट आहे.

आम्ही जे 1728 चं वाजवतो ते टेलेमान ह्या जर्मन संगीतकाराचे मेथडिकल सोनाटा. ह्यातला अन्याय बघा. फ्लूटवाल्याला हळू चालीत नक्षी कशी करायची ते कळावं म्हणून टेलेमानने साधी ओळपण दिलीये आणि तिच्याच जोडीला सजवलेली ओळपण, एकेक हरकत लिहून. मला काय दिलं? आकडे. (ह्याच टेलेमानला बाखच्या आधी इथल्या कँटरच्या, म्हणजे चर्चच्या संगीतप्रमुखाच्या, नोकरीसाठी निवडलं होतं, पण हॅम्बर्गने पगार वाढवला आणि तो तिथेच राहिला. हिशोबात पक्का होता माणूस.) खरं तर पुढे 1733-34 मध्ये त्याने गाण्यांचा एक संग्रह काढला त्यात आकड्यांची उत्तरं सोडवून दाखवलीत, तळटिपांसकट. फक्त तो संग्रह काकूंना वाजवायचा नाहीये, कारण त्यात फ्लूट नाही.

साथ करणाऱ्याचं हे असंच. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल प्रशियाच्या फ्रेडरिक राजाकडे नोकरीला होता, राजा फ्लूट वाजवणार आणि ह्याने साथ करायची. राजाचे फ्लूटगुरू क्वान्ट्झ ह्यांना वर्षाला 2000 थालर (तेव्हाची जर्मन नाणी), आणि ह्याला सुरुवातीला 300. त्याने ह्या विद्येवर जे पुस्तक लिहिलं त्याचा साथीबद्दलचा दुसरा भाग 1762 ला आला आणि तो चांगला जाडजूड आहे, तीनशेत राबणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं बरंच साठतं.

त्यात हार्प्सिकॉर्डचा स्वभाव असा की पट्टी हळू दाबा नाहीतर आदळा, आवाज जवळपास तेवढाच. मोठं वाजवायचं तर सूर वाढवायचे, लहान तर कमी करायचे. काकू म्हणतात जरा हलकं घ्या, मी दोन सूर गाळते, बाई म्हणतात फार पातळ झालं, मी तीन घालते, तर उजवा हात फ्लूटच्या वर जातो आणि काकू भुवया उंचावतात. माझ्या वाटची ओळ चेलोवाले काकाही वाजवत असतात, त्यांना उजवा हातच मोकळा नाही, फार सुखी गृहस्थ.

पण बाखच्या विद्यार्थ्यांचं ऐकलं की बरं वाटतं. किटेल नावाचा त्याचा एक शिष्य सांगून गेलाय की तालमीत साथ करणाऱ्या पोराने फार कंजूष कॉर्ड लावल्या तर मागून बाखचे हात यायचे आणि पोराच्या बोटांमधून वाट काढत भरगच्च सूर वाजवायला लागायचे. पोराने तसंच वाजवत राहायचं! आमच्या बाई निदान कॉफीचा कप हातात ठेवतात.

परवा काकू म्हणाल्या, पुढे विवाल्डी घेऊया, त्याच्यात आकडे फारसे नसतात, तुला सोपं जाईल. मी नुसती हसले. पिझेंडेल ह्या व्हायोलिनवाल्यासाठी लिहिलेल्या एका कॉन्सर्टोत विवाल्डीने एके ठिकाणी बासखाली आकडे घातलेत आणि शेजारी स्वतःच्या हाताने शेरा मारलाय, इटालियनमध्ये आणि जरा असभ्य भाषेत, की हे गाढवांसाठी. शिवी चालेल मला, सगळीकडे घालायचे होते.